मारत नाही जी, नुसतं बोलते

पेशंट आत येते, सोबत बहीण नाहीतर भाची. तक्रारी ठरलेल्या असतात. डोकं ठणकते, जीव घाबरते, रात्री दोनला जाग येते ती येतेच, पोटात गोळा उठते. माझ्यापर्यंत, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत, पोहोचेस्तोवर ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं संपलेली असतात, सोनोग्राफी झालेली असते, एखादीची तर दोनदा एंडोस्कोपी. फाईल जाडजूड आणि आतले रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग मी विचारते, "घरी कसं आहे? नवरा मारतो का?" उत्तर येतं, "नाही जी मॅडम. मारत नाही. नुसतं बोलते."

हे 'नुसतं' मी अमरावतीत आणि शनिवारी अकोल्यात मिळून सव्वीस वर्षं ऐकते आहे. पहिली काही वर्षं मी केसपेपरवर 'मारहाण नाही' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. आता 'नुसतं' ऐकलं की पेन खाली ठेवते आणि विचारते, "काय बोलते?"

मराठीत माणूस मार खातो, शिव्या खातो आणि बोलणीही खातो. भाषेनं हे फार आधी ओळखलं होतं असं मला वाटतं. खाल्लेलं पोटात जातं. माझ्याकडे येणाऱ्या बायांचं दुखणं बहुतेक वेळा पोटातूनच सुरू होतं. तिला 'उदास वाटतं का' विचारलं तर ती 'नाही' म्हणते. 'टेन्शन आहे का' विचारलं तर मान हलते. 'दिवसातून किती वेळा बोलणी खाता' असं विचारलं की आधी हसते, मग बोटं मोजायला लागते आणि तिसऱ्या-चौथ्या बोटावर थांबते.

आमच्या भागातल्या वाचकांना खारपाणपट्टा सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूची कितीतरी गावं पिढ्यान् पिढ्या खारट पाणी पीत आली. तिकडचा माणूस मूत्रपिंडाची तक्रार घेऊन आला तर इथला कुठलाही डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "पाणी कुठलं पिता?" विहिरीचं की नळाचं, किती वर्षांपासून. घरात माणसाच्या कानावर रोज काय पडतं, किती वर्षांपासून पडतं, हा प्रश्न मात्र वैद्यकीय शिक्षणात मला कुणी शिकवला नाही. तो मला एका बाईनं शिकवला.

तिची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. वय अठ्ठावन्न, अकोटकडची, घरी कोरडवाहू शेती, दोन मुलं, सुना. ती आत आली आणि उभीच राहिली. "बसा ताई" म्हटल्यावर टोकावर बसली. बसताना खुर्ची फरशीवर करकरली तर म्हणाली, "माफ करा जी." टेबलावर पाण्याचा ग्लास होता. बराच वेळ त्याच्याकडे पाहून तिनं विचारलं, "पाणी पेऊ का जी?" प्यायली आणि मग ग्लास ठेवताना जरा अडखळली. आधी जिथं होता तिथं टेबलावर ओलं वर्तुळ उमटलं होतं. तिनं ग्लास नेमका त्या वर्तुळावर बसवला, सूतभरही इकडंतिकडं नाही. आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर झालं ना म्हणून.

मालक कसे आहेत, मी विचारलं. ते सहा वर्षांपूर्वी वारले होते.

त्यांनी बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या अंगाला कधी हात लावला नाही. दारू नाही, बाहेरचं काही नाही. गावात मान होता. फक्त जेवायला बसले की पहिल्या घासाला थांबायचे. ताट जरा पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "तुले काही जमत नाही." तिखट कमी असो, जास्त असो, भाकरी करपलेली असो की पांढरी असो, वाक्य तेच. पाहुण्यांसमोर तेच, पुढं सुनांसमोरही तेच. आता ताट सरकवणारं कोणी नाही, पण भाजीत मीठ टाकताना तिचा हात थरथरतो. तीनदा चव घेते, तरी खात्री पटत नाही. मोठ्या सुनेला चव पाहायला बोलावते आणि सून वैतागते. कोणी मोठ्यानं दार लावलं की छातीत धडधडतं. मुलानं शेतीचा एक कागद सहीला आणला तर दोन रात्री झोप नाही, आपण सही चुकीच्या जागी केली असेल म्हणून. "तो आवाज ऐकू येतो का?" मी विचारलं. आम्हाला हे विचारावं लागतं, कारण नसलेले आवाज ऐकू येणं हा वेगळा आजार. ती म्हणाली, "त्याइचा आवाज नाही जी येत. आता मीच म्हणतो मले."

ती शेवटची चार-पाच शब्दांची ओळ मी त्या दिवशी केसपेपरच्या कडेला जशीच्या तशी लिहून ठेवली. छळ करणारा माणूस जातो, बदलतो, म्हातारा होऊन मवाळही होतो. तोवर त्याचं वाक्य ऐकणाऱ्याच्या तोंडात बसलेलं असतं आणि तिथून ते स्वतःच्या बळावर चालतं. मारानं आलेला वळ बाहेरून येतो आणि बाहेरच राहतो. वाक्याची गोष्ट वेगळी आहे.

आता कोणी म्हणेल, घर म्हटलं की भांडण आलंच. खरं आहे. त्यातून आमचं वऱ्हाड. इथं माया सुद्धा मोठ्या आवाजात आणि निम्मी शिव्यांत होते. पुण्याहून आलेली माझी एक मैत्रीण आमच्या घरातलं साधं बोलणं ऐकून घाबरली होती. तेव्हा आवाजाच्या पट्टीवरून छळ ओळखता येत नाही. मी दोनच गोष्टी पाहते. उलट बोलता येतं का? आणि बोलून झाल्यावर विषय संपतो का? भांडणाला दोन तोंडं असतात आणि ते संध्याकाळी विझतं. छळात एकच तोंड असतं आणि तो रोज सकाळी नव्यानं सुरू होतो, अगदी हळू आवाजात, कधी नुसत्या नजरेनं. कधी तर न बोलता. अबोला हे आमच्याकडचं फार जुनं हत्यार आहे. एका घरात नवरा-बायको चौदा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, मधे नऊ वर्षांचा पोरगा होता. "तुझ्या मायले सांग चहा टाक." "तुझ्या बापाले सांग साखर नाही." त्या पोराला माझ्याकडे आणलं ते अंथरुणात लघवी होते म्हणून. आई-बाप दोघंही डावी-उजवीकडे बसून मला सांगत होते की घरात काहीच कटकट नाही.

माझ्या शाखेत या गोष्टीचा पुरावा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बराच जमला आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी साडेनऊ हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. मार, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन यांच्या बरोबरीनं अपमान आणि शिवीगाळही त्यांनी मोजली. असे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारू, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न हे सगळं कित्येक पटींनी जास्त निघालं. २००६ मध्ये मार्टिन टायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते २२ वयाच्या ५५४ जणांची पाहणी केली. आई-वडिलांचं नुसतं टाकून बोलणं, सोबत मार नसला तरी, घरातली मारहाण डोळ्यांनी पाहण्याइतकाच परिणाम करतं असं त्यांना दिसलं. २०१२ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात बालपणी भावनिक छळ झालेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. मार खाल्लेल्यांमध्ये ती सुमारे दीडपट होती. हा आकडा मी पालकांच्या सभेत सांगते तेव्हा सभागृहात चुळबुळ होते. मारणं वाईट हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोलणं त्याहून हलकं असेल या भरवशावर कितीतरी चांगली माणसं बोलत असतात.

अशाच एका चांगल्या माणसाबद्दल सांगते. त्यांचा मुलगा अमरावतीत अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करायचा. दोनदा पूर्वपरीक्षा पास, पण मुख्य परीक्षेचं हॉलतिकीट मोबाईलवर उघडायची वेळ आली की घामानं भिजायचा, एकदा सेंटरच्या दारातून परतला. वडील मुलाला घेऊन आले, स्वच्छ धोतर, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेतातल्या तुरीच्या शेंगा. मुलाशी एकट्याशी बोलले तेव्हा त्यानं शाळेपासून ऐकलेली वडिलांची वाक्यं सांगितली. "शेण खाणार आहे तू." "त्या पाटलाच्या पोराले पाय." "तुझ्यावर खर्चा केला त्यापेक्षा एक बैल घेतला असता." मी वडिलांना आत बोलावलं. ते खरोखर चकित झाले. म्हणाले, "मी याच्या अंगाले कधी बोट लावलं नाही मॅडम. माझा बाप मले गोठ्यात बांधून मारे. मी ठरवलं होतं, आपल्या लेकराले हात लावायचा नाही. बोललो फक्त." त्या माणसानं आपल्या परीनं बापापेक्षा एक पाऊल पुढं टाकलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो अभिमान मोडायचा नाही आणि मुलालाही वाचवायचं, अशी ती तासाभराची कसरत होती. मी फार यशस्वी झाले असं म्हणणार नाही. निघताना ते दारात मुलाला म्हणाले, "चाल, आता इथंही नाक कापलं." आणि मग स्वतःच थबकले.

शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगते. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग असतो. रोजचा अपमान म्हणजे रोजची घंटा. ताणाची संप्रेरकं सारखी पाझरत राहतात, झोप उथळ होते, पोट बिघडतं, लक्ष लागत नाही. पुढे घंटा इतकी हलकी होते की दार आपटलं, कुणी भुवई उंचावली तरी वाजते. त्यातून नैराश्य येतं, चिंतेचे आजार येतात, काहींना व्यसन लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत दीर्घकाळच्या आघातानंतरच्या गुंतागुंतीच्या अवस्थेला स्वतंत्र जागा मिळाली आहे आणि तिच्या लक्षणांत 'मी कुचकामी आहे' हा पक्का समज येतो. पण त्या व्याख्येला अत्यंत भीतिदायक असा अनुभव लागतो. टोमण्यांचं घर त्यात बसतं की नाही यावर आम्ही डॉक्टर मंडळी परिषदांमध्ये वाद घालतो. अकोटच्या ताईंना त्याचं काही घेणंदेणं नाही.

सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भावनिक हिंसेसाठी तीन प्रश्न असतात. नवऱ्यानं चारचौघांत अपमान केला का, तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या माणसाला इजा करण्याची धमकी दिली का, तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटेल असं बोलला का. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी 'हो' म्हटलं. शारीरिक हिंसेचा आकडा २८ टक्के, म्हणजे दुप्पट. मला हे उलटं वाटतं. मारणारा नवरा मुक्यानं मारत नाही. माझा अंदाज असा की तिसऱ्या प्रश्नावर कितीतरी जणींनी मनात 'नुसतं बोलते' म्हटलं असेल आणि मान हलवून 'नाही' सांगितलं असेल.

आमच्या वऱ्हाडात या बोलण्याला बोलण्यानंच उत्तर देणारी एक बाई होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. त्यावर १८८२ मध्ये पुण्यात ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं, ५०० प्रती. बायांना लावली जाणारी विशेषणं एकेक घेऊन त्यांनी ती पुरुषांना लावून दाखवली. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा छापेपर्यंत बहुतेकांना ते माहीतही नव्हतं. त्या पुस्तकाच्या धारेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मन त्यानंतरच्या शांततेपाशी अडतं. त्या का थांबल्या याचं कारण कागदावर सापडत नाही, आणि रोगनिदान करायचा मला अधिकार नाही. फक्त माझ्यासमोर बसून अर्ध्या वाक्यात थांबणाऱ्या बाया पाहिल्या की बुलढाणा आठवतं.

पुरुषांचंही थोडं बोलायला हवं. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्येची नोंद होते तेव्हा कर्ज पाहतात, नापिकी पाहतात आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवतात. चारचौघांत झालेल्या पाणउताऱ्याला त्या फॉर्मवर रकाना नाही. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली माणसं माझ्याकडे येतात ती सांगतात तो कर्जाचा आकडा क्वचितच असतो. सांगतात तो एक प्रसंग असतो, पारावरचा, लग्नाच्या मांडवातला, जावयासमोरचा.

कायद्याला मात्र हे सगळं कळतं, आणि हे सांगितलं की बाया माझ्याकडे अविश्वासानं पाहतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं तर त्यात वेगळं नमूद केलंय. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेत क्रूरतेची व्याख्या करताना शारीरिक आरोग्यासोबत मानसिक आरोग्यही आहे. एका ताईनं मला विचारलं, "म्हणजे सासू मले वांझोटी म्हणते, हे सरकारच्या कायद्यात हाय?" 'हाय' म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. तिनं तक्रार केली नाही. पण पुढच्या वेळी येताना ताठ चालत आली, हे मी पाहिलं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि मानसिक मदतीसाठीचा १४४१६ मी प्रिस्क्रिप्शनच्या मागं लिहून देते. पुढच्या बाजूला लिहिले तर घरात कुणीतरी वाचतं.

ही अक्कल मला चूक करूनच आली. सुरुवातीच्या वर्षांत एका सुनेचं सगळं ऐकून घेतल्यावर मी उत्साहानं नवऱ्याला आणि सासूला बोलावलं, तिच्यासमोर बसवलं आणि चांगलं समजावलं. दोघांनीही मान डोलावली. सासूनं तर डोळे पुसले. ती सून परत आली नाही. तीन वर्षांनी बाजारात भेटली, भाजीवाल्याच्या पलीकडून. म्हणाली, "त्या दिवसापासून घरात माझं नाव 'डॉक्टरीण' आहे." आता पेशंटच्या परवानगीशिवाय आणि तिला एकटीला विचारल्याशिवाय मी घरच्यांशी चकार शब्द बोलत नाही.

उपचार होतात. नैराश्याची गोळी गुण यायला दोन ते चार आठवडे घेते, तेवढा धीर धरावा लागतो. गोळीनं झोप येते, घंटा जरा मंद होते आणि मग बोलता येतं. आणि हे बोलणं प्रत्येक वेळी माझ्यासारखीनंच करायला हवं असंही नाही. २०११ नंतर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं, त्यांच्यावर समुपदेशक, त्यांच्यावर डॉक्टर अशी उतरंड होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. आत्महत्येचा विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. कुणीतरी ओट्यावर येऊन बसतं, विचारतं आणि पूर्ण ऐकतं, एवढ्यानंही गाडी हलते. आमच्या जिल्ह्याची ही गोष्ट परदेशातल्या डॉक्टरांना माहीत आहे, अमरावतीच्या राजकमल चौकात कुणाला विचारली तर सांगता येणार नाही.

वाक्य तोंडातून काढायचं कसं, हा खरा प्रश्न. पुस्तकात त्यासाठी तक्ते आहेत, ते मी वापरून पाहिले. आमच्या पेशंटला तक्ता म्हटला की शाळा आठवते आणि शाळा म्हटली की पुन्हा तेच. मग एकदा अकोटच्या ताईंना मी सहज विचारलं, "ताई, 'मले काही जमत नाही' या वाक्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

ती हसली. शेतकऱ्याच्या घरात सातबारा समजावून सांगावा लागत नाही. म्हणाली, "त्याइच्या नावावर."

"ते तर वारले."

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग वारस म्हणून माझं नाव लागलं जी. शेत पोरांच्या नावावर गेलं, हे माझ्या."

"फेरफाराला हरकत घेतली नाही?"

"नोटीसच नाही आली."

त्यानंतर दर भेटीत आम्ही दोघी हाच खेळ खेळलो. तिनं बत्तीस वर्षांत काय काय केलं त्याचे पुरावे गोळा करायचे, हरकतीला जोडायला. दोन बाळंतपणं, सासऱ्याचं तीन वर्षांचं आजारपण, एका दुष्काळी साली विकायला काढलेल्या सांडग्या-पापडांवर निघालेली पोरांची फी. हे सगळं तिला आठवत होतं, पण 'जमलं' या सदरात तिनं ते कधी टाकलं नव्हतं. मधे एकदा सगळं बिघडलं, दिराच्या घरी कार्यात कुणीतरी वरणाला नाव ठेवलं आणि ती महिनाभर पुन्हा झोपली नाही. गोळी वाढवावी लागली. ती अजूनही भाजीची चव पाहते. दोनदा.

गेल्या महिन्यात आली तेव्हा मी आधीच्या पेशंटचं लिहीत होते. तिनं खुर्ची ओढली, करकर झाली, बसली. धाकट्या सुनेच्या मुलीचं काहीतरी सांगत सांगत ग्लास उचलला, पाणी प्यायली आणि बोलण्याच्या नादात ग्लास ठेवला तो थेट माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर. कागदावर ओलं वर्तुळ उमटलं. तिचं लक्ष नव्हतं, नात पोहायला शिकतेय ते ती हातानं करून दाखवत होती. मी वर्तुळाच्या बाजूला, कोरड्या जागेत पुढची तारीख लिहिली.